राहण्याची सोय : खाडीकाठच्या विद्यार्थ्याचा इतिहास

जयगडच्या किल्ल्यावर उभे राहिले की शास्त्री नदी समुद्राला कशी मिळते ते नीट दिसते. पाठीमागे दक्षिणेला, काही कोसांवर, मालगुंड आहे. समोर खाडीपलीकडे तवसाळ, आणि तेथून गुहागर तालुका सुरू होतो. त्याच तालुक्यात कोतळूक. मराठीच्या विद्यार्थ्याला मालगुंड माहीत असते, कारण कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, तेथले. कोतळूक सहसा माहीत नसते. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म तेथे, आजोळी झाला. दोघांचेही जन्मवर्ष १८६६ असे धरले जाते. एकाच खाडीच्या दोन काठांवर, एकाच वर्षी, साधारण सारख्याच ऐपतीच्या चित्पावन घरांत जन्मलेली ही दोन मुले. गोखले अठराव्या वर्षी, १८८४ साली, बी.ए. झाले. केशवसुत मॅट्रिक झाले तेव्हा तेविशी उलटली होती, आणि कॉलेजचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही.

या अंतराची कारणे बुद्धीत शोधणे हास्यास्पद ठरेल. चरित्रकार घरची गरिबी, प्रकृती, मनाचा कल वगैरे कारणे देतात. ती खोटी नाहीत. पण दोघांच्या चरित्रांतून तारखा आणि गावांची नावे तेवढी वेगळी काढून एका कागदावर लिहिली, तर निराळेच काही नजरेस येते. केशवसुतांच्या शिक्षणाच्या वाटेवर खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे अशी गावे लागतात, आणि शिक्षण सलग राहत नाही. गोखल्यांच्या वाटेवर कागल, कोल्हापूर, पुणे, मुंबई. वडील लवकर गेले, तरी थोरल्या भावाने पंधरा रुपयांच्या पगारातले आठ रुपये दरमहा धाकट्याला पाठवले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या आठ रुपयांचे आपण त्यागाची कथा म्हणून कौतुक करतो. मला ते रुपये हिशेबाची बाब म्हणूनही महत्त्वाचे वाटतात. ते प्रामुख्याने विद्येचे मोल नव्हते; परगावी एका देहाने रोज जेवावे आणि रात्री कोठेतरी पाठ टेकावी, याचे ते मोल होते.

आपल्याकडील उच्च शिक्षणाचा इतिहास विद्यापीठे, प्राचार्य, अभ्यासक्रम आणि परीक्षांचे निकाल यांच्या आधारे लिहिला गेला आहे. विद्यार्थी रात्री कोठे झोपत होता, हा प्रश्न त्यात तळटीपेलाही येत नाही. वास्तविक ‘अंतेवासी’ हा आपल्या परंपरेतला विद्यार्थीवाचक शब्द राहण्यावरूनच झालेला आहे. जो गुरूच्या जवळ राहतो तो शिष्य; शिकणे हे जणू त्या राहण्यातच गृहीत. मुंबई विद्यापीठाने हा क्रम मोडला. १८५७ साली ते स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, म्हणजे स्वतः न शिकवता संलग्न कॉलेजांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे विद्यापीठ म्हणून. त्याला वर्ग नव्हते, तशी खोल्यांचीही गरज नव्हती. मात्र परीक्षेला बसायचे तर कॉलेजात ‘टर्म भरल्याचा’ दाखला हवा. ‘टर्म भरणे’ हा वाक्प्रयोग त्या काळच्या आत्मचरित्रांत इतक्या सहजपणे येतो की त्यातली सक्ती आपल्या ध्यानात येत नाही. टर्म भरायची म्हणजे कॉलेज जेथे असेल त्या शहरी महिनोन्महिने प्रत्यक्ष राहायचे. कोठे राहायचे हे मात्र विद्यापीठ सांगत नव्हते.

ज्या विलायतेतून ही कल्पना आली तेथे असा गोंधळ नव्हता. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. तेथे पदवीसाठी जसे पेपर द्यावे लागत तसे ठराविक सत्रांचे वास्तव्यही पुरे करावे लागे, आणि वास्तव्य म्हणजे कॉलेजात किंवा विद्यापीठाने मान्य केलेल्या बिऱ्हाडात काढलेल्या रात्री. पदवीपूर्व विद्यार्थ्याने ग्रेट सेंट मेरी या चर्चपासून तीन मैलांच्या आत राहिले पाहिजे, असा नियम केंब्रिजने पुढेही पाळला. ऑक्सफर्डचा असाच नियम कारफॅक्सच्या चौकापासून सहा मैलांचा. बॅरिस्टर होणाऱ्याला तर ‘इन’मध्ये ठराविक जेवणे जेवावी लागत. रात्री मोजणारे आणि घास मोजणारे हे नियम आपल्याला विचित्र वाटतात. पण जी संस्था रात्री मोजते तिला खाटही पुरवावी लागते. आपल्याकडे सक्ती आली, खाट आली नाही.

अपवाद होता तो डेक्कन कॉलेजचा. १८२१ च्या संस्कृत पाठशाळेपासून निघालेली ही संस्था १८६८ मध्ये येरवड्याच्या बाजूला, शहरापासून दूर, स्वतःच्या इमारतीत गेली, आणि तेथे विद्यार्थ्यांना राहण्यासाठी खोल्या होत्या. टिळक १८७२ साली मॅट्रिक होऊन तेथे गेले आणि पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा तालमीत घालवले, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आगरकरांची कथा याहून निराळी. टेंभूचा हा मुलगा शिकण्यासाठी कऱ्हाडहून रत्नागिरीला पायी गेला, तेथे जमले नाही, मग अकोल्याला, तेथून मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात घालणारा हा विद्यार्थी आणि रत्नागिरीचा टिळक यांची गाठ त्या वसतिगृहात पडली. १८७९ च्या सुमारास त्या दोघांत ज्या चर्चा झाल्या, त्यांतून पुढे न्यू इंग्लिश स्कूलमधील आणि वृत्तपत्रांतील त्यांचे सहकार्य उभे राहिले. व्याख्यानाच्या तासाला अशा चर्चा होत नाहीत. त्या रात्री होतात, आणि रात्री एकत्र असण्यासाठी एका छपराखाली राहावे लागते. केसरी-मराठ्याच्या इतिहासात या छपराला जितके श्रेय मिळायला हवे तितके मिळालेले नाही.

बहुसंख्य विद्यार्थ्यांना मात्र छप्पर शोधावे लागे. त्यांच्या तीन वाटा होत्या : नातलगाचे घर, वार, आणि माधुकरी. वार लावणे म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात घरे ठरवणे. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी उपास. माधुकरी म्हणजे झोळी घेऊन पाच घरी शिजलेले अन्न मागणे. भ्रमर फुलाफुलावरून मध गोळा करतो त्यावरून आलेला हा शब्द फार सुंदर आहे, आणि शब्दाच्या सौंदर्यामुळे त्यातली लाज थोडी झाकली जाते. साने गुरुजींनी ‘धडपडणारा श्याम’मध्ये औंधच्या दिवसांचे जे वर्णन केले आहे ते वाचताना हे जाणवते, पालगडहून निघालेल्या त्या मुलाची खरी परीक्षा शाळेत होत नव्हती. पुण्यात १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाच्या आरंभीच्या काळात मुले माधुकरीवरच जेवत. व्यक्तीच्या झोळीचे संस्थेच्या झोळीत झालेले हे रूपांतर लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु या वाटांचे एक सामाजिक वास्तव आहे, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. वार आणि माधुकरी ही ब्राह्मण मुलासाठी असलेली व्यवस्था होती. ती कष्टाची होती, अपमानाची होती. पण ती होती. कुणब्याच्या, भंडाऱ्याच्या, गाबिताच्या मुलाने कोणाच्या ओसरीवर ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणावे? महाराच्या मुलाची तर ओसरीपर्यंतही मजल नव्हती. परगावी नातलग असणेही नोकरपेशाच्या जातींनाच शक्य होते, कारण बदलीची नोकरी आणि तिच्यासोबत येणारे सरकारी गावातले बिऱ्हाड त्यांच्याकडे होते. तेव्हा १८५७ नंतरच्या पहिल्या चार-पाच दशकांत पदवीधरांच्या याद्यांत एकाच वर्गाची नावे का दिसतात याचे उत्तर देताना विद्याव्यासंगाची परंपरा वगैरे जे सांगितले जाते, त्यात शिधा आणि पथारी यांचीही नोंद झाली पाहिजे. कॉलेजचे दार कायद्याने सर्वांना खुले होते. त्या दारापर्यंत जाण्यापूर्वी जी संध्याकाळ आणि जी रात्र काढायची होती, ती सर्वांना खुली नव्हती.

सरकारचे लक्ष या प्रश्नाकडे गेले ते मात्र वेगळ्याच कारणाने. कर्झनच्या कारकिर्दीतील १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने संलग्नता मागणाऱ्या कॉलेजावर ज्या अटी घातल्या, त्यांत एक अशी होती की जे विद्यार्थी आईवडिलांजवळ अथवा पालकांजवळ राहत नाहीत त्यांच्या राहण्याची सोय कॉलेजात किंवा कॉलेजने मान्य केलेल्या बिऱ्हाडात झाली पाहिजे, आणि त्यांच्यावर देखरेख व त्यांच्या शारीरिक हिताची व्यवस्था असली पाहिजे. आपल्याकडील निवासविषयक नियमांचे मूळ येथे आहे. कलम वाचताना दोन शब्द डोळ्यांत भरतात : ‘सोय’ आणि ‘देखरेख’. या विधेयकाला कायदेमंडळात सर्वांत अभ्यासपूर्ण विरोध केला तो गोखल्यांनी. फर्ग्युसनमध्ये दीर्घकाळ अध्यापन करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. विद्यापीठांवर सरकारी पकड बसेल, हा त्यांच्या टीकेचा मुख्य सूर. खोल्यांच्या अटीवर त्यांचा रोख नव्हता, आणि ते समजण्यासारखे आहे; खोलीचे भाडे काय असते हे कोतळूकच्या या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

देखरेखीचा अर्थ वर्षभरातच दिसला. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तिच्या पुढाऱ्यांपैकी विनायक दामोदर सावरकर हे फर्ग्युसनचे विद्यार्थी आणि तेथल्याच वसतिगृहाचे रहिवासी. त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढण्यात आले. त्या वेळचे प्राचार्य म्हणजे मुर्डीचे तेच रँग्लर परांजपे. यात एक बारकावा आहे : शिक्षा झाली ती वसतिगृहातून, कॉलेजातून नव्हे, पदवी त्यांना मिळाली. म्हणजे विद्यार्थी आणि रहिवासी अशा एकाच माणसाच्या दोन ओळखी झाल्या होत्या आणि पहिलीला धक्का न लावता दुसरी काढून घेता येत होती. पुढच्या वर्षी सावरकर लंडनला गेले आणि राहिले ते हायगेटच्या इंडिया हाऊसमध्ये. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली उघडलेले हे घरही हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृहच होते. ज्या संस्थेत देखरेख नसेल त्या वसतिगृहात काय घडेल, ही सरकारची भीती अनाठायी नव्हती, असे म्हणावे लागते.

या दोन टोकांच्या मध्ये, पण कायद्याच्या थोडे आधी, कोल्हापुरात जे घडले ते मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटते. राजाराम कॉलेजाच्या वसतिगृहात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना प्रवेश असूनही प्रत्यक्षात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच झाले, हे शाहू महाराजांनी पाहिले. दार उघडे ठेवल्याने माणसे आत येत नाहीत, हा त्यातला धडा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये. जातवार वसतिगृहांनी जात पक्की केली, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आमच्या परिसंवादांत तो एखादा प्राध्यापक मोठ्या उत्साहाने मांडतो. आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. पण आक्षेप घेणाऱ्याच्या आजोबांचा वार कोणाकडे होता, हे एकदा विचारायला हवे. वार हेही जातवार वसतिगृहच होते. फक्त त्यावर पाटी नव्हती.

जातवार वसतिगृहाची मर्यादा ज्याने स्वतः अनुभवली त्यानेच ती ओलांडली. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीचे स्नान करण्यास नकार दिला आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे सांगतात. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले तेव्हा त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत, एका पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, दिले. रयत शिक्षण संस्थेचा पुढचा सगळा विस्तार, १९४७ चे साताऱ्याचे शिवाजी कॉलेज धरून, या स्वयंपाकघरातून झाला आहे. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. सिद्धार्थ कॉलेज आले ते १९४६ साली. आधी राहण्याची जागा, मग शाळा-कॉलेज, हा क्रम दोघांच्याही कार्यात दिसतो. ज्यांना वार मिळत नव्हता त्यांनाच तो सुचू शकला.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होता. १९०४ च्या कलमात ‘आईवडील अथवा पालक’ यांच्याजवळ राहणारा विद्यार्थी निर्धोक मानला आहे. बालविधवेच्या दृष्टीने पाहिले तर तिचे शिकणे अशक्य करणारी जागा तीच. शास्त्री नदीच्याच मुलखातल्या देवरूखच्या दोन बहिणी येथे आठवतात. थोरली बाया ही पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत उघडलेल्या शारदा सदनात राहून शिकणारी पहिली विधवा. १८९३ मध्ये तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. धाकटी पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या आश्रमात आली, शिकली, आणि आश्रमासाठी वर्गणी मागत देशोदेशी हिंडली. ‘माझे पुराण’ आणि ‘माझी कहाणी’ ही या दोघींची आत्मकथने आपण स्त्रीवादी वाचनासाठी अभ्यासक्रमात लावतो. ती वसतिगृहाची आत्मकथने म्हणून वाचून पाहावीत. हिंगण्याची झोपडी आणि शारदा सदनाचे माजघर या दोघींच्या दृष्टीने शाळेच्या जोडीला मिळालेली सोय नव्हती. घराबाहेर, तरीही बदनामीवाचून, रात्र काढता येईल अशी ती पहिली जागा होती. शिक्षण त्यानंतरचे.

साहित्यात वसतिगृह पुढे अनेक रूपांनी आले. ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकराचे पुण्यातले होस्टेल आणि दया पवारांच्या ‘बलुतं’मधील संगमनेरचे बोर्डिंग यांत पंधरा वर्षांच्या प्रकाशनाचे अंतर आहे, एरवी अंतर कितीतरी अधिक. सांगवीकराला होस्टेल म्हणजे रिकामपण, उधारी आणि निरर्थकतेचा शोध. ‘बलुतं’मधल्या मुलाला बोर्डिंग म्हणजे दोन वेळचे जेवण, आणि महारवाड्याबाहेरच्या जगाकडे उघडलेली फट. निरर्थकता परवडायला आधी खोली लागते, असे मी एकदा वर्गात बोलून गेलो. वर्गातल्या होस्टेलवासी मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि ते हसले. त्यांतल्या कोणाला ते वाक्य कोणत्या बाजूने लागले, ते मला कळले नाही.

पुन्हा जयगडकडे येतो. रत्नागिरीत पदवीपर्यंतचे कॉलेज, आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, १९४५ साली निघाले. तोवर या किनाऱ्यावरच्या मुलाला बी.ए. व्हायचे तर मुंबई, पुणे, सांगली किंवा कोल्हापूर गाठावे लागे. मुंबईला जाणाऱ्या बोटी जयगडला लागत. पण पावसाळ्यात समुद्र बंद, आणि विसाव्या शतकात कॉलेजे उघडत ती नेमकी जूनमध्ये. शेवटची बोट चुकली तर घाट चढून जायचे. मुंबईत पोहोचल्यावर पुष्कळांचा आधार म्हणजे गावकीची खोली : गिरगाव-लालबागेत गावकऱ्यांनी मिळून घेतलेली, पाळीपाळीने झोपायची, खानावळीत जेवायचे. गिरणीत रात्रपाळीला गेलेल्या माणसाच्या वळकटीच्या जागेवर परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, हे दृश्य कोकणातल्या किती घरांच्या आठवणीत आहे! या खोल्यांना कोणत्याही विद्यापीठाने ‘मान्य बिऱ्हाड’ म्हटले नाही. मुंबई विद्यापीठाच्या किती पदव्या त्या खोल्यांतून निघाल्या याची मोजदादही झालेली नाही.

आज जयगडला बंदर मोठे झाले आहे, खाडीवर तवसाळपर्यंत फेरीबोट चालते, आणि रत्नागिरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. एस.टी.ने रोज जाऊन येऊन शिकणारी मुले आहेत. ज्यांना ते जमत नाही ती खोली घेतात. शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना आणली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना जेवणखाण आणि निवासासाठी रोख रक्कम देणारी. खाटेऐवजी पैसे, म्हणजे गोखल्यांच्या भावाचे आठ रुपये शासनाने पाठवावेत, अशी ही रचना. तिची एक अट अशी की विद्यार्थी कॉलेज असलेल्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा. दुसरीकडे प्रवेशासाठी अधिवासाचा दाखला हवा, म्हणजे आपण महाराष्ट्राचेच रहिवासी आहोत याचा पुरावा. एका कागदावर आपण इथलेच आहोत हे दाखवायचे, दुसऱ्यावर आपण इथले नाही हे. अठरा वर्षांची मुले हे दोन्ही कागद एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणतात.

वसतिगृहाच्या अर्जांत ‘स्थानिक पालक’ असा एक रकाना असतो. १९०४ च्या कलमातला पालक तेथे अजून जिवंत आहे. गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत जयगडकडच्या एका मुलीचा अर्ज तपासताना तो रकाना कोरा दिसला. शहरात ओळखीचे कोणी नाही का, असे मी विचारले. तिने थोडा विचार केला आणि विचारले, “सर, आई गेली दोन वर्षं ज्यांच्याकडे मासे घालते त्या बाईंचं नाव चालेल का?” मी चालेल म्हटले. तिला त्यांचे आडनाव ठाऊक नव्हते. ते विचारण्यासाठी ती फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली.